बडोद्याहून लालबागेत : उद्यानतज्ज्ञ गुस्टाव्ह हर्मान क्रुम्बिगल

वाणिज्य शाखेत जमाखर्चाच्या वह्यांत डोके घालून बसणाऱ्या मजसारख्या विद्यार्थिनीने एका उद्यानतज्ज्ञाचे चरित्र लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण घडले ते असे. गेल्या वर्षी आमची सहल बंगळूरला गेली होती. लालबागेजवळच्या एका रस्त्याची कानडी पाटी मी अडखळत वाचली : क्रुम्बिगल रस्ते. माझी आई धारवाडकडची, त्यामुळे कानडी मला बोलता येते. पण शाळा बडोद्यास मराठी माध्यमात झाल्याने वाचताना अजून जीभ अडते. हे कसले नाव म्हणून मी विचारले, तेव्हा आमच्या कानडीच्या सरांनी हसून सांगितले की हे गृहस्थ तुमच्याच बडोद्याहून इकडे आले. मी चकित झाले. ज्या कमाटीबागेत माझे बालपण गेले, त्या गावाहून एक जर्मन माणूस माझ्याप्रमाणेच कर्नाटकात आला होता, आणि त्याचे नाव मी बडोद्यात कधी ऐकलेही नव्हते!

नाव मनात राहण्यास आणखी एक कारण होते. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या हातून एक रोप मेले होते. आमच्या आत्याच्या मुलाने कालिंपाँगच्या सहलीहून ते आणले होते. मांसल पानांचे, गुलाबाच्या फुलासारखे गच्च मिटलेले, तळहातावर मावेल एवढे. सेम्परव्हिव्हम असे त्याचे नाव. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ सदा जिवंत असणारे. बर्फातही हे मरत नाही, असे त्याने सांगितले होते. बडोद्यास आत्याच्या गच्चीवर मी त्याला रोज झारीने पाणी घातले. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि आठ दिवसांत ते काळे पडून बुडाशी लिबलिबीत झाले. बर्फात न मरणारे रोप माझ्या मायेने मेले. त्याला बिलगलेले चण्याएवढे एक पिल्लू तेवढे वाचले. असे का व्हावे, हा प्रश्न मला छळत होता. त्याचे उत्तर मला क्रुम्बिगल यांच्या आयुष्यात सापडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुस्टाव्ह हर्मान क्रुम्बिगल यांचा जन्म १८ डिसेंबर १८६५ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेन शहराजवळच्या लोमेन या गावी झाला. तेथील हिवाळा म्हणजे आपल्या कल्पनेपलीकडचा. पाणी गोठते, जमीन दगडासारखी होते, झाडांवर पान राहत नाही. अशा मुलखातही काही वनस्पती उघड्यावर तग धरून असतात, आणि सेम्परव्हिव्हम त्यांपैकीच एक. जर्मन लोक तिला हाउसवुर्झ म्हणतात. घराच्या कौलांवर, भिंतीच्या फटींत, जेथे मूठभरही माती नाही तेथे ती वाढते. ती छपरावर असली तर घरावर वीज पडत नाही, अशी जुन्या लोकांची समजूत होती; आणि सुमारे १२०० वर्षांपूर्वी शार्लमेन राजाच्या आज्ञापत्रात माळ्याने ती आपल्या घरावर लावावी असे नमूद झाले होते. आपल्याकडे अंगणात तुळस, तशी तिकडे छपरावर ही!

आता हे रोप थंडीत का मरत नाही? थंडीत वनस्पती मरते ती मुख्यतः पेशींतील पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात म्हणून. बर्फ सोसणारी मांसल रोपे हिवाळा जवळ आला की आपल्या पानांतील पाणी कमी करतात, आक्रसून बारीक होतात आणि पेशीरसातील साखरेचे प्रमाण वाढवतात. घट्ट रस सहजासहजी गोठत नाही. बर्फ झालाच तर तो पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत होतो, आत होत नाही. म्हणजे कठीण दिवसांसाठी हे रोप आधीच खर्च आवरते, शिल्लक घट्ट धरून बसते. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे समजण्यास अवघड जाऊ नये. पण याच हिशेबाला एक अट आहे. मुळाशी पाणी साचता कामा नये. कोरडी थंडी ते सोसते, ओली थंडी सोसत नाही. आणि ओला उकाडा तर मुळीच नाही. बडोद्याच्या गच्चीवर मी त्याला दिला तो नेमका ओला उकाडा.

तरुण क्रुम्बिगल यांनी बागकामाचे शिक्षण ड्रेस्डेनजवळच्या पिलनिट्झ येथे घेतले. पिलनिट्झच्या राजवाड्याच्या बागेत जपानहून आलेले कॅमेलियाचे एक प्रसिद्ध झाड आहे. ते १८०१ सालापासून आजतागायत त्याच जागी उभे आहे. ते मूळचे उबदार मुलखातले, म्हणून दर हिवाळ्यात त्याच्याभोवती लाकडी घर उभारून आत ऊब ठेवीत, आणि उन्हाळ्यात ते घर काढून घेत. एकाच गावात छपरावर काहीही न मागणारे रोप आणि बागेत स्वतःचे घर मागणारे झाड! प्रत्येकाची गरज निराळी, हा बागकामाचा पहिला धडा त्या परिसरात डोळ्यांसमोरच होता.

पुढे ते काही काळ हॅम्बर्ग येथे होते व १८८८ साली इंग्लंडला गेले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये फुलांचे ताटवे आखण्याचे काम त्यांनी केले आणि नंतर जगप्रसिद्ध अशा क्यू येथील शाही वनस्पती उद्यानात त्यांना प्रवेश मिळाला. त्या काळी इंग्लंडात गालिचापद्धतीच्या ताटव्यांची मोठी हौस होती. ठेंगण्या, दाट वाढणाऱ्या रोपांतून जमिनीवर नक्षी, अक्षरे, राजचिन्हे उमटवायची, आणि ती कातरून सपाट राखायची. यासाठी तिकडचे माळी सेम्परव्हिव्हम, सेडम आणि मेक्सिकोतली एचेव्हेरिया ही मांसल रोपे हजारोंनी लावीत. यांतील एचेव्हेरिया दिसायला सेम्परव्हिव्हमची सख्खी बहीण वाटते, पण तिला बर्फ सोसत नाही. म्हणून थंडी पडण्यापूर्वी ती काचघरात न्यावी लागे. दोघींतला फरक न ओळखणाऱ्या माळ्याचा ताटवा एका रात्रीत निम्मा मरे.

इ. स. १८९३ मध्ये सत्तावीस वर्षांचे असताना क्रुम्बिगल बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. श्रीमंत सयाजीराव महाराजांचा तो उमेदीचा काळ होता. १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले होते, लक्ष्मीविलास राजवाडा त्याच सुमारास पुरा झाला होता व त्याची बाग क्यूच्याच परंपरेतले विल्यम गोल्डरिंग यांनी आखली होती. विश्वामित्रीच्या काठची कमाटीबाग १८७९ पासून लोकांसाठी खुली होती आणि तिच्यातील संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. महाराजांना केवळ राजवाड्यापुरत्या बागा नको होत्या. प्रजेलाही सावली व फुले मिळावीत, आणि शास्त्रही कळावे, असा त्यांचा कल होता. संस्थानच्या वनस्पती उद्यानांची जबाबदारी या जर्मन तरुणाकडे आली.

वाचकहो, क्षणभर विचार करा. सॅक्सनीच्या बर्फातून आलेला हा मनुष्य बडोद्याचा वैशाख प्रथमच पाहत होता. चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा, नंतर एकदम कोसळणारा पाऊस, आणि रात्रीसुद्धा न उतरणारा उकाडा. मांसल वनस्पतींची एक खुबी अशी आहे की त्या पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत घेऊन साठवतात. त्यामुळे दिवसाच्या उन्हात त्यांचे पाणी उडून जात नाही. पण पर्वतावरच्या रोपांना त्यासाठी गार रात्र लागते. बडोद्याच्या उन्हाळ्यात तशी रात्र क्वचितच मिळते. अर्थात युरोपातील नक्षीचे ताटवे जसेच्या तसे येथे लावणे म्हणजे पैशाचा आणि रोपांचा नाशच. आपल्याकडच्या बागांत असे गालिचे आल्टरनँथेरा या रंगीत पानांच्या, ऊनपाऊस सोसणाऱ्या रोपाचे करतात, ते याच कारणाने. कला तीच, रोप मात्र मातीला मानवणारे. दूर देशाहून येणाऱ्या माळ्याने सोबत काय आणावे आणि काय मागे ठेवावे, हे यावरून उमजते.

त्यांच्या बडोद्यातील सेवाकाळातच १८९९–१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये आला. आमच्या आजीच्या तोंडी त्याचे नाव होते. तिने तो पाहिला नव्हता, पण तिच्या सासूकडून ऐकला होता. ज्या मुलखात एक पाऊस चुकला तर माणसे आणि गुरे तडफडतात, तेथे बाग राखणे ही नुसती शोभेची गोष्ट राहत नाही. कोणते झाड थोड्या पाण्यावर जगेल, हा तेथे जगण्याचाच प्रश्न होतो.

बडोद्यात सुमारे पंधरा वर्षे काढल्यावर, १९०८ च्या सुमारास, म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या संस्थानात क्रुम्बिगल दाखल झाले. हैदरअलीने १७६० च्या सुमारास आरंभलेली लालबाग आता त्यांच्या हाती आली. त्यांच्या आधीचे अधीक्षक जॉन कॅमेरॉन हेही क्यूचेच. आज कर्नाटकात घरोघरी जी सीमेबदनेकाई खातात, ती कॅमेरॉन यांनी आणली असे सांगतात. कानडीत सीमे म्हणजे आपल्या सीमेपलीकडचे, मराठीत आपण विलायती म्हणतो तसे. रॉकेललाही सीमे एण्णे म्हणतात. गंमत अशी की आता त्या भाजीला परकी समजून कोणी ताटातून बाजूला सारीत नाही. नावात परकेपण राहिले, चवीतले गेले.

बंगळूरची हवा बडोद्याहून अगदी वेगळी. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, उन्हाळा सौम्य, रात्री गार. येथे क्रुम्बिगल यांचे खरे जीवनकार्य उभे राहिले. शहराच्या रस्त्यांच्या कडेने कोणती झाडे लावावीत, याचा त्यांनी असा विचार केला की वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कोठे ना कोठे काही झाडे फुललेली असावीत. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. गुलमोहर, जॅकरांडा, टॅबेबुइया यांसारखी दूर देशांची झाडे आणि आपल्याकडची झाडे एकाच रांगेत उभी राहिली. बंगळूरला उद्याननगरी हे नाव मिळाले त्यात या योजनेचा मोठा वाटा आहे. झाडे लावणारे पुष्कळ असतात. परंतु बारा महिन्यांचा हिशेब आधी मांडून, मग खड्डे खणणारे विरळा.

१९१२ मध्ये म्हैसूर उद्यान संस्था स्थापन झाली व लालबागेच्या काचघरातील पुष्पप्रदर्शनांना नियमित रूप येत गेले. परदेशांतील उद्यानांशी बियाणांची व रोपांची देवघेव सुरू राहिली. कृष्णराजसागर धरणाखाली दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या काळात वृंदावन उद्यान झाले, त्याच्या आखणीतही क्रुम्बिगल यांचा हात होता. ज्या वृंदावनात आपल्यातील कित्येकांच्या आईवडिलांनी लग्नानंतरचे फोटो काढून घेतले, ते ज्यांनी आखले त्यांचे नाव त्यांना ठाऊक नसते. १९३२ मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी एच. सी. जवरय्या हे भारतीय तज्ज्ञ आले. पुढे एम. एच. मरीगौडा यांनी तीच परंपरा स्वतंत्र भारतात चालवली आणि सबंध कर्नाटकात फळबागांचा व रोपवाटिकांचा विस्तार केला.

निवृत्तीनंतर क्रुम्बिगल मायदेशी परतले नाहीत. बंगळूरलाच राहिले. आणि मग त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. सत्तरी ओलांडलेला, हिंदुस्थानात चाळीसहून अधिक वर्षे काढलेला हा वृद्ध माळी सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्याला नजरकैद भोगावी लागली. ज्या शहराला त्यांनी सावली दिली त्याच शहरात ते परके ठरले. तिकडे फेब्रुवारी १९४५ मध्ये विमानांच्या बाँबवर्षावात ड्रेस्डेन शहर बेचिराख झाले. ज्या गावाच्या नावे इकडे त्यांना शत्रू ठरवले होते, ते गावही आता तिकडे उरले नव्हते. माणसाचे गाव कोणते, जेथे तो जन्मला ते, की जेथे त्याने झाडे लावली ते? बडोद्याहून बेळगावास मामाकडे शिकायला आले तेव्हा माझ्या कानडी उच्चाराला वर्गात मुली हसत, आणि सुट्टीत बडोद्यास गेले की तिकडच्या मैत्रिणी माझ्या मराठीतल्या कानडी हेलाला हसत. माझे दुःख त्यांच्यापुढे राईएवढे. पण हा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही एवढेच.

युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, ज्या दोन संस्थानांची त्यांनी चाकरी केली ती दोन्ही भारतात विलीन झाली. क्रुम्बिगल बंगळूरलाच होते. ८ फेब्रुवारी १९५६ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांना पुरण्यात आले. त्रेसष्ट वर्षे ते या भूमीत होते. लालबागेतील एका जुन्या सभागृहास त्यांचे नाव दिलेले होते. देखभालीअभावी ते जीर्ण होऊन २०१७ साली कोसळले. दगडविटांची इमारत पडली. रस्त्यांवरचा बहर मात्र दर वर्षी येतोच.

आता ज्या वाचकांना अशी बर्फ सोसणारी रोपे लावण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. आपले कोणी नातेवाईक सिमल्यास, लेह भागात किंवा परदेशी थंड मुलखात असतील तर त्यांना हे विशेष उपयोगी पडेल. कुंडी उथळ व मोठ्या भोकाची घ्यावी. मातीत निम्म्याहून अधिक जाड वाळू, बारीक खडी किंवा विटांचे तुकडे मिसळावेत, शेणखत जवळजवळ नकोच. रोपाच्या मानेभोवती खडीचा थर द्यावा, म्हणजे खालची पाने ओल्या मातीला टेकत नाहीत. माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, आणि हिवाळ्यात पाने आक्रसली म्हणून घाबरून पाणी घालू नये. ते तहानेचे लक्षण नसून तयारीचे आहे. थंडी सुरू होताना त्याला उबदार खोलीत आणू नये. हळूहळू वाढत जाणाऱ्या गारव्यानेच ते काटक होते, एकदम बाहेर टाकले तर मात्र दगावते. थंड प्रदेशात भरपूर ऊन, आणि आपल्याकडे फक्त सकाळचे कोवळे ऊन व पावसापासून पूर्ण आडोसा.

आणि कोणाला केवळ हौसेपोटी परके रोप नको असेल तर आपल्याही देशात या जातीची कमतरता नाही. लडाखच्या डोंगरांत रोडिओला वाढते, तिला तेथे सोलो म्हणतात व तिची भाजीही करतात. निवडुंगाचा एक ठेंगणा भाऊबंद तर कॅनडाच्या बर्फात राहतो. आणि ज्यांच्या गावी बर्फच नाही, त्यांनी कोरफड व पानफुटी लावावी. त्याही मांसल, त्याही कमी पाण्याच्या, आणि आपल्या उकाड्याला सरावलेल्या.

माझे ते चण्याएवढे पिल्लू मी बडोद्याहून बेळगावास आणले. सरांनी सांगितलेल्या नावाचा शोध घेता घेता जे कळले त्याप्रमाणे त्याला खडीत लावले आणि मामाच्या घराच्या वळचणीखाली, पागोळ्या लागणार नाहीत अशा जागी ठेवले. एक पावसाळा त्याने काढला आहे. एप्रिलमध्ये ते मिटून मलूल झाले, तेव्हा झारी उचलण्याचा मोह मी आवरला. डिसेंबरात ते उघडले आणि रुपयाएवढे झाले. पुढचा पावसाळा ते काढील की नाही, हे मला सांगता येत नाही.

या वनस्पतीचा एक धर्म असा की तिला आयुष्यात एकदाच फूल येते, आणि फुललेला तो गुच्छ मग वाळून जातो. तोवर त्याच्याभोवती पिलांचा मेळावा जमलेला असतो, आणि तीच जागा भरून काढतात. क्रुम्बिगल गेले, त्यांच्या मागून जवरय्या, मरीगौडा आणि लालबागेत शिकून गेलेले कितीतरी अनाम माळी उभे राहिले. बडोदेकरांनी ते आमच्याकडचे म्हणावे, कन्नडिगांनी ते आमचे म्हणावे. दोघांचेही म्हणणे खरेच आहे. आपल्या या अंकात मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत. एखादा कानडी मित्र त्यांच्यावर पलीकडच्या पानांत लिहील, तर मी ते अडखळत का होईना, पण नक्की वाचीन. त्या थोर उद्यानतज्ज्ञाच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. भाग २